न्याहारी आणि शाळेची घंटा

शाळेत न्याहारी शिजवणे आणि मुलांनी ती खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिजवायला पैसा लागतो, खायला मात्र वेळापत्रकात जागा लागते. आजवरच्या बहुतेक योजना या दुसऱ्या ठिकाणी अडखळल्या आहेत.

रात्री आठ-नऊला जेवून झोपलेले मूल सकाळच्या शाळेत सातला येऊन बसते, तेव्हा त्याच्या पोटात दहा तास काही गेलेले नसते. लहान मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त ग्लुकोज वापरतो आणि यकृतातला साठा मात्र बेताचा असतो. साडेदहाच्या शाळेतही चित्र फारसे वेगळे नाही. आई-वडील भल्या सकाळी शेतावर किंवा कामावर गेलेले असतात, मुलाने निघताना कोरा चहा आणि दोन बिस्किटे घेतलेली असतात. शालेय पोषण आहाराची खिचडी पुढ्यात येते ती मधल्या सुट्टीत. परिपाठाला प्रतिज्ञा चालू असताना रांगेतले एखादे मूल मटकन खाली बसते, हा प्रकार मुख्याध्यापकांना नवा नाही. अशा वेळी कोणीही शिक्षक पहिल्यांदा विचारतो ते हेच, ‘सकाळी काय खाल्लंस?’

न्याहारीने नेमका किती फरक पडतो, याचे सर्वांत काटेकोर उत्तर जमैकातून आले. तेथील 16 ग्रामीण शाळांतल्या 814 मुलांवर वर्षभर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना रोज न्याहारी दिली गेली. उरलेल्यांना संत्र्याचा चौथा भाग मिळाला, म्हणजे लक्ष दोघांकडे सारखेच गेले आणि फरक राहिला तो अन्नाचा. न्याहारीवाल्यांची हजेरी, वजन आणि उंची थोडी का होईना वाढली. लहान वर्गांतल्या मुलांचे गणित सुधारले. वाचनात मात्र तसा फायदा दिसला नाही. जमैकातल्याच आधीच्या एका पाहणीने आणखी एक अडचणीची गोष्ट दाखवली होती. नीट चालणाऱ्या शाळेत न्याहारीनंतर मुले कामाला लागली. दाटीवाटीच्या, साधने नसलेल्या शाळांत तीच मुले जास्त बडबड करू लागली. भरल्या पोटाने आलेली शक्ती कुठे खर्च व्हावी हे शिक्षकाला ठरवावे लागते, ते काम उपम्यावर सोपवता येत नाही.

अमेरिकेचा अनुभव या विषयात बराच जुना आणि म्हणूनच बोलका आहे. तेथे शालेय न्याहारीचा सरकारी कार्यक्रम 1966 साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि 1975 साली कायम झाला. मधल्या काळात, 1969 मध्ये, ब्लॅक पँथर पक्षाने ओकलंडच्या एका चर्चमध्ये मुलांना मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली. ती अनेक शहरांत पसरली. एवढा इतिहास असूनही शाळेत दुपारी जेवणाऱ्या मुलांच्या साधारण निम्मीच मुले तेथे शाळेत न्याहारी करतात. अन्न तयार असते, पण शाळेची बस घंटेच्या तोंडावर पोहोचते. कँटीन इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असते. शिवाय ‘न्याहारीला जाणारी ती गरीब घरची’ हा शिक्का असतो. किशोरवयीन मुले उपाशी राहतील, पण तो लावून घेणार नाहीत.

यावर तेथे जे उपाय चालले ते स्वयंपाकघराबाहेरचे आहेत. घंटा झाल्यावर वर्गातच न्याहारी देणे, दारातल्या गाडीवरून पुडा उचलून वर्गात जाऊ देणे, मोठ्या मुलांसाठी पहिल्या तासानंतर पुन्हा संधी देणे. त्यांच्या जोडीला, गरीब वस्तीतल्या शाळेत कोणाचेही उत्पन्न न विचारता सगळ्यांना मोफत देण्याची मुभा 2010 च्या कायद्याने दिली. जिथे न्याहारी शाळेच्या वेळेत आली आणि सगळ्यांची झाली, तिथे खाणारे वाढले. पोस्टर लावून, पालकांना पत्रके पाठवून एवढा फरक पडत नाही.

भारतात या बाबतीत तामिळनाडू पुढे आहे, आणि ते अचानक घडलेले नाही. मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना खाऊ घालायला सुरुवात केली ती 1920 साली, पिट्टी त्यागराय यांच्या काळात. पुढे कामराजांनी दुपारचे जेवण राज्यभर नेले, एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 साली त्याचा विस्तार केला. मुख्यमंत्री न्याहारी योजना 15 सप्टेंबर 2022 रोजी मदुराईत 1,545 शाळांपासून सुरू झाली. ऑगस्ट 2023 मध्ये ती राज्यातल्या सर्व सरकारी प्राथमिक शाळांत गेली आणि त्यानंतर अनुदानित शाळांत. पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्ग भरण्याआधी गरम उपमा, खिचडी किंवा पोंगल मिळते, सोबत भाज्या घातलेले सांबार. स्वयंपाक बचत गटाच्या बायका करतात आणि त्यांत त्याच शाळेत मूल शिकणाऱ्या आईला प्राधान्य असते. ही अट लहानशी दिसते, पण रव्यातल्या अळ्या निवडण्यावर आईइतकी करडी नजर कोणत्याही तपासणी पथकाची नसेल. योजनेनंतर बहुतेक शाळांत हजेरी वाढल्याचे राज्य नियोजन आयोगाच्या पाहणीत आढळले.

देशपातळीवर मात्र गाडी कागदावर थांबली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुपारच्या जेवणाखेरीज न्याहारीची शिफारस केली. न्याहारीनंतरचे सकाळचे तास अवघड विषयांना उपयोगी पडतात, असे कारणही दिले. पुढच्याच वर्षी मंजूर झालेल्या पीएम पोषण योजनेत न्याहारी नव्हती. यातून एक विचित्र विसंगती उरली आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण, दोन्ही मिळायला हवे. तेच मूल पहिलीत गेले की नाश्ता संपतो. सहाव्या वाढदिवसाला भूक निम्मी होत असल्याचा पुरावा अजून कोणी दिलेला नाही.

महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. कारण झोपेचे होते. ज्या घरात आई सकाळी घरी असते तिथे न्याहारीचीही सोय झाली. ऊसतोडीला गेलेल्या किंवा सहाची लोकल पकडणाऱ्या घरांत या निर्णयाने ताट वाढले जात नाही. तिथे शाळेलाच वाढावे लागेल.

गरम न्याहारीसाठी गॅस, धान्य आणि स्वयंपाकी लागतो, तर तेवढा निधी येईपर्यंतचा मार्गही 2020 च्या धोरणातच आहे: गुळासोबत शेंगदाणे किंवा हरभरे आणि स्थानिक फळे. हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला परके नाही, त्याला चूलही लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून हे उभे करताना तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. मूठभर शेंगदाणे वाटायचे ते परिपाठ संपल्यावर, वर्गात, पहिल्या तासाच्या सुरुवातीला. शाळा भरण्याआधी ठेवले तर लांबच्या वाडीवरून चालत येणारे मूलच नेमके चुकते. वाटायचे ते पटावरच्या सगळ्यांना, दाखला न मागता. आणि पहिल्या तासातली ती दहा मिनिटे तासिकेच्या हिशेबात अधिकृतपणे धरायची, नाहीतर अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून शिक्षकच पहिल्या चाचणीच्या आधी ती गिळून टाकतात. स्वयंपाकी-मदतनिसांवर हे काम विनामोबदला लादणे बरे नाही. त्यांचे मानधन आताच तुटपुंजे आहे.

नोंदही वेगळी ठेवावी लागते. दुपारच्या आहाराच्या नोंदवहीत जेवणाऱ्यांचा आकडा असतो. न्याहारीच्या नोंदीत त्यासोबत उशिरा आलेल्यांचा आकडा हवा. दोन महिन्यांत उशिरा येणारे कमी झाले नाहीत, तर वेळ चुकली आहे असे समजून ती पंधरा मिनिटे पुढे सरकवावी.