व्हिएन्नाची हिल्डे होल्गर

१९३८ मध्यें व्हिएन्नांत नाझी सत्ता आली आणि ज्यू नर्तिका हिल्डे होल्गर हिला रंगभूमि बंद झाली. १९३९ मध्यें ती मुंबईस आली. मागें राहिलेली आई नि बहीण दोघीहि त्या संहारांत गेल्या. मुंबईंत पारशी डॉक्टरशीं तिचा विवाह झाला. तिनें नृत्यशाळा काढिली. तेथें मात्र कोणत्याहि धर्माच्या शिष्यास मज्जाव नव्हता! फाळणीच्या रक्तपातानंतर, १९४८ मध्यें, हें कुटुंब लंडनला गेलें. श्रोतेहो, दुसऱ्यांदा घर मोडणें सोपें नसतें. १९४९ मध्यें झालेला मुलगा डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. आईनें त्याच्यासाठीं नृत्यालाच उपचार केलें. १९६८ मध्यें सॅडलर्स वेल्सच्या रंगमंचावर मतिमंद मुलें नाचलीं. २००१ मध्यें ती वारली. तिचीं छायाचित्रें नि कागद लेकीनें जपले. त्यांत मुंबईहि आहे.