उंची कुणाची मोजायची?

(घनसावंगी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण रेशन, मजुरी, दारूबंदी यांवर बोललो. आता मी खेळावर बोलणार आहे. बायकांच्या मेळाव्यात खेळ कशाला, असं कुणाला वाटेल. पण मुलीचं शरीर झाकायचं आणि कामाला जुंपायचं, एवढंच आपण तिला शिकवत आलो. हे शरीर माझं आहे, त्यात ताकद आहे, हे तिला मैदानावर कळतं. म्हणून हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

बेकी हॅमन नावाच्या अमेरिकन बाईची गोष्ट सांगते. ती बास्केटबॉल खेळायची. या खेळात बॉल टाकायची कडी जमिनीपासून दहा फुटांवर असते. साहजिकच उंच खेळाडूंना भाव. बेकीची उंची पाच फूट सहा इंच. आपल्या तालुक्यात तिला सगळ्यांनी उंच म्हटलं असतं. तिथे ती बुटकी ठरली. कडीखालच्या गर्दीत तिचा निभाव लागणं अवघड. मग तिनं लांबून नेम धरण्यावर भर दिला. एका रेषेच्या बाहेरून बॉल कडीत टाकला तर दोनाऐवजी तीन गुण मिळतात. असं लांबून मारणाऱ्या खेळाडूला शूटिंग गार्ड म्हणतात.

कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाकडून ती चार वर्षं खेळली आणि दोन हजार सातशेहून जास्त गुण केले. शेवटच्या वर्षी तिच्या संघानं ३३ सामने जिंकले, फक्त ३ हरले. तरी १९९९ साली बायकांच्या व्यावसायिक लीगसाठी खेळाडूंची निवड झाली, तेव्हा एकाही संघानं तिचं नाव घेतलं नाही. त्याला आणखी एक कारण होतं. आधीच्या डिसेंबरात बायकांची दुसरी लीग बुडाली होती आणि तिच्यातल्या अनुभवी खेळाडूही त्याच रांगेत उभ्या होत्या. शेवटी न्यूयॉर्कच्या संघानं बेकीला सरावाला बोलावलं. तिथे तिनं जागा मिळवली आणि पुढे सोळा हंगाम ती या लीगमध्ये खेळली.

२०१४ साली पुरुषांच्या एनबीए लीगमध्ये सॅन अँटोनियो संघानं तिला सहायक प्रशिक्षक म्हणून पूर्ण वेळ पगारावर घेतलं. त्या लीगमध्ये असं पद मिळालेली ती पहिली बाई. पुढे लास व्हेगासच्या महिला संघाची ती मुख्य प्रशिक्षक झाली. या संघानं २०२२, २०२३ आणि २०२५ साली विजेतेपद मिळवलं.

टाळ्या थांबवा, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. बेकी जिद्दी होतीच. पण जिद्द आपल्या मुलींत कमी आहे का? उसाच्या फडावर आईबरोबर पहाटे मोळ्या बांधणाऱ्या पोरीला जिद्द कुणी शिकवायची? फरक आहे तो बेकीच्या पायाखालच्या जमिनीत.

१९७२ साली अमेरिकेत कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. त्यात खेळही आला. कायद्याआधी तिथे हायस्कूलच्या संघांत तीन लाखांहून कमी मुली खेळत होत्या. २०१८-१९ पर्यंत त्या चौतीस लाखांच्या घरात गेल्या. मुलींसाठी कॉलेजांत शिष्यवृत्त्या आल्या. १९९७ साली बायकांची लीग सुरू झाली, ती बेकी कॉलेजात असतानाच. म्हणजे आधी कायदा, मग कॉलेज, मग लीग, अशा पायऱ्या बांधलेल्या होत्या. म्हणूनच निवडीत डावललेल्या मुलीला मागच्या दारानं तरी आत येता आलं. दारच नसतं तर?

तिथेही सगळं गोड नव्हतं. बायकांच्या लीगचे पगार इतके कमी होते की अनेकजणी हिवाळ्यात परदेशी खेळायला जात. बेकी रशियात गेली. स्वतःच्या देशाच्या संघात जागा मिळेना, तेव्हा २००८ च्या ऑलिंपिकमध्ये ती रशियाकडून खेळली आणि कांस्यपदक मिळवलं. त्याबद्दल तिला देशद्रोही म्हणणारेही निघाले.

आता आपल्याकडे या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळ बीड जिल्ह्यातल्या कुटुंबातली. संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. दोघीही आपल्या मराठवाड्याच्या. पण २०२२ साली खो-खोची व्यावसायिक लीग निघाली, तिचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच झाले. कबड्डीत पुरुषांची लीग २०१४ पासून चालू आहे. बायकांना २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा मिळाली आणि ती तिथेच थांबली. क्रिकेटमध्ये २०२३ साली बायकांची लीग आली, तेव्हा सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. बाजार मुलींना नाकारतो असं नाही. कुणीतरी आधी मैदान उघडावं लागतं.

आपल्या मुलीचा प्रवास तर त्याच्या कितीतरी आधी तुटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. बेकी ज्या वयात कॉलेजच्या संघात आली, त्या वयात आपल्याकडची कितीतरी पोर कडेवर लेकरू घेऊन असते.

म्हणून काय मागायचं ते ठरवू या. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण सराव सुटेपर्यंत गाडी निघून गेली तर पास काय कामाचा? गाडीची वेळ बदलून मागू या. शाळेच्या मैदानावर आठवड्यातले ठरावीक तास फक्त मुलींचे असावेत. मैदानाजवळ पाणी आणि दार लागणारं संडास असावं. पाळीच्या दिवसांत खेळ सुटतो तो बऱ्याचदा त्यापायी. ग्रामसभेत हे ठराव लिहून घ्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे घरातल्या पुरुषमंडळींना सांगा. त्यांना हिशोब लवकर कळतो.

आणि मुलींनो, ‘तू बुटकी आहेस, तुला जमायचं नाही,’ असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा: माझी उंची मोजलीस, आता गावात माझ्यासाठी मैदान किती फुटांचं ठेवलंय, तेही मोजून सांग.