वाट ठाऊक असावी म्हणून



लहान गावातील शाळेत समुपदेशक नसतो. ग्रंथालय म्हणजे एक कपाट. अशा शाळेतील मूल दहावीनंतर थांबते, त्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. पुष्कळदा वाटच ठाऊक नसते आणि जातीचा वा अधिवासाचा दाखला हाती नसतो. प्रवेशाच्या ऐन धांदलीत तहसील कचेरीच्या खेपा घालताना पालकाची मजुरी बुडते. शाळेने नववीतच ही कागदपत्रे करवून घेतली तर फारसा खर्च येत नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र ताजाच लागतो.

शासकीय व अनुदानित शाळांतील गरजू मुलांसाठी आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. हे किती मातांच्या कानी गेले?

साधनांच्या अभावाची सबब कर्मवीर भाऊराव पाटलांनी कधी मानली नाही. १९४७ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात मुले श्रम करून शिकली.

दिवाळीत गावी आलेल्या माजी विद्यार्थ्यास तासभर वर्गात बोलवावे. पहिल्या सहामाहीत इंग्रजीने कसे घाबरवले, खाणावळीचा खर्च कसा भागला, हे तोच सांगू शकेल. मातांनाही बोलवावे. त्या एस.टी.च्या वेळा विचारतील, मुलींच्या वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते ते विचारतील. ती माहिती शिक्षकांनी आधीच काढून ठेवावी.