सुनावणी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सह्याद्रीतल्या एका जलविद्युत प्रकल्पाच्या जनसुनावणीला मी गेले होते. वेळ सकाळी अकराची, जागा दूर तालुक्याच्या गावी, दिवस भातलावणीचे. मांडवात बाया तीनच. बाकीच्या कुठे, असं एकीला विचारलं तर म्हणाली, "चिखलात. आणि येऊन करायचं काय? तो कागद कुणाला वाचता येतो?"

कोयनेचं धरण झालं तेव्हा अशी सुनावणी हा प्रकारच नव्हता. पर्यावरण मंजुरीआधी ती सक्तीची झाली १९९७ साली. आज लागू असलेल्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास घ्यायची असते. किमान ३० दिवस आधी सूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, कामकाजाचं चित्रीकरण, शेवटी इतिवृत्ताचं लोकांच्या भाषेत वाचन, हे सगळं आपल्या हक्काचं आहे.

पण फट कुठे आहे पाहा. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. एकही बाई आली नाही तरी सुनावणी झाली असंच धरतात. उलट वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ पासून अशी अट आहे की ग्रामसभेला हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया हव्यात. म्हणजे बाया मोजता येतात. मोजायची इच्छा हवी.

भाषेचंही तसंच. २०२० साली अधिसूचनेचा नवा मसुदा आला. त्यात सूचनेची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायची होती. मसुदा मात्र इंग्रजी-हिंदीतच. तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

मग आपण काय करायचं? ठरलेली तारीख सहसा बदलत नाहीत. म्हणून प्रकल्पाची कुणकुण लागताच जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा: लावणीत सुनावणी नको, आणि ती गावातच घ्या. सारांशावर थांबू नका. पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाहायला ठेवलेला असतो. तो दोघी-तिघींनी मिळून वाचा, बायांना रात्री बसून समजावून सांगा. पाणवठा, सरपण, गुरांची वाट, सातबारावर नाव नसलेली बाई, हे त्यात आहे का पाहा. नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. आणि इतिवृत्त वाचताना उठून विचारा, "आमचं बोलणं यात कुठे आहे?"

चिखलातल्या बायांना मांडवात येता येत नसेल, तर मांडव त्यांच्या बांधावर नेऊ या.