टाळी, दगड आणि मत



वसंत व्याख्यानमालेत निवडणुकीचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांच्या मनात दोन शंका येतात. वक्ता आडून एखाद्या पक्षाचा प्रचार करणार, ही एक. आणि सगळ्याच पक्षांना सारखी नावे ठेवून स्वतःचे सोवळे सांभाळणार, ही दुसरी. आमचा बेत या दोहोंपैकी एकही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात या व्याख्यानांची प्रथा घातली ती लोकांनी ऐकावे आणि ऐकलेले पारखावे म्हणून. त्याच प्रथेला धरून आज बोलणाऱ्याविषयी थोडे आणि ऐकणाऱ्याविषयी अधिक बोलावे, असे योजले आहे.

गावाचे दोन तट पाडणारा उमेदवार प्रत्येक पिढीला भेटतो. त्याच्या एका वाक्याने अर्धे गाव डोक्यावर घेते आणि उरलेले अर्धे पेटून उठते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे त्याच्या जिभेची चिकित्सा करतात. आमच्या हातांची चिकित्सा मात्र कोणी करीत नाही. वास्तविक त्या जिभेचे पुढे काय व्हायचे ते आमचे हात ठरवतात. त्या हातांत टाळी असते, कधी दगड असतो, आणि पाच वर्षांतून एकदा मत असते. या तिघांचे मोल एक नाही, हे आम्ही आमच्याच महाराष्ट्राच्या इतिहासातून शिकलो आहोत.

२० नोव्हेंबर १९५५ ची मुंबईतील चौपाटीवरची सभा घ्या. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल नुकताच येऊन गेला होता आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, या प्रश्नाने मराठी माणूस कासावीस झाला होता. अशा वेळी मोरारजी देसाई आणि स. का. पाटील हे काँग्रेसचे दोन बलाढ्य पुढारी व्यासपीठावर उभे राहिले. मुंबई महाराष्ट्राला कदापि मिळणार नाही, हा त्यांच्या बोलण्याचा आशय, आणि त्याहून झोंबणारा त्यांचा सूर. श्रोते खवळले. दगड आले, जोडे आले, सभा उधळली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि रस्त्यांवर पुन्हा गोळ्या चालल्या. शंभराहून अधिक माणसे या लढ्यात हुतात्मा झाली.

त्या सभेतला संताप खरा होता आणि त्याला कारणही होते. पण दगडाने साधले काय? स. का. पाटील १९५७ सालीही लोकसभेवर निवडून आले आणि १९६२ सालीही. दगडाची जखम भरून निघाली आणि दगड मारणारे मात्र गुंड ठरवले गेले. त्यांचा पराभव झाला तो १९६७ साली. तेव्हा ते दक्षिण मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले जात. आपल्याला देवही हरवू शकणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सर्वतोमुखी झाले होते. त्यांच्यापुढे उभा होता जॉर्ज फर्नांडिस नावाचा छत्तीस वर्षांचा कामगार पुढारी. त्याने त्या गर्वोक्तीला शिवी दिली नाही. पाटलांना तुम्ही हरवू शकता, एवढेच त्याने भिंतीभिंतीवर मतदाराला सांगितले. मतदाराने सुमारे तीस हजारांच्या फरकाने ते खरे करून दाखवले. एकाच माणसाच्या अहंकाराला मुंबईने १९५५ साली दगडाने आणि १९६७ साली मताने उत्तर दिले. कोणते उत्तर लागू पडले, हे आम्ही सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याकडेही पाहू. १९५२ साली कुलाब्याने, म्हणजे आजच्या रायगडाने, लोकसभेत चिंतामणराव देशमुखांना पाठविले होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा अर्थमंत्री गर्दीचा वक्ता नव्हता. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत निवेदन केले. मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय घेतला गेला आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे म्हणणे. आवाज चढवलेला नव्हता. तरी ते पंतप्रधानांच्या वर्मी लागले, कारण त्यातल्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणे भाग होते. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पनवेलनेही विधानसभेसाठी शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटलांना निवडले. इथल्या मतदाराचा राग मतपेटीत उतरला होता.

त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी, पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास आले. चौपाटीची आठवण ताजी होती. संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शने पुकारली होती आणि काही विपरीत घडेल, अशी धास्ती अनेकांना होती. एस. एम. जोशी आणि त्यांचे सहकारी घाटाच्या वाटेवर हजारो माणसांसह उभे राहिले. काळी निशाणे होती, घोषणा होत्या. दगड मात्र नव्हता. चौपाटीवर जो मराठी माणूस होता तोच इथे होता. फरक पडला तो त्याने राग हाती कसा धरला, यात. अडीच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य झाले.

यावर कोणी म्हणेल, समितीची जीभ तरी कुठे मवाळ होती? प्रश्न रास्त आहे. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला तेव्हापासून मराठी राजकारणात विशेषणांचा पाऊस पडला. १९५७ साली स्वतः अत्रे दादरमधून विधानसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचे नेतृत्व मोठे मानणाऱ्या यशवंतराव चव्हाणांना सूर्याजी पिसाळ म्हटले गेले. लोक पोट धरून हसले आणि टाळ्यांनी मैदाने दणाणली. पुढे त्याच यशवंतरावांनी १९६० साली महाराष्ट्राचा मंगलकलश आणला, आणि पिसाळ हे विशेषण मागे पडले. ती भाषा आम्हांस शोभली असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचा एक विशेष ध्यानात घ्यावा. ती सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाविरुद्ध होती. त्या माणसाजवळ उत्तर द्यायला व्यासपीठ होते, आणि त्याने आपली भूमिका बदलली असती तर टीकाही थांबली असती.

शेजाऱ्यावर धरलेल्या शस्त्राची गोष्ट निराळी असते. हा डाग संयुक्त महाराष्ट्राच्या उज्ज्वल लढ्यालाही जानेवारी १९५६ मध्ये लागला. दिल्लीवरचा राग मुंबईतल्या गुजराती दुकानदारांवर निघाला आणि दुकाने फुटली. त्या दुकानदाराने मुंबई कोणाकडून हिरावून घेतली नव्हती. सुक्याबरोबर ओलेही जळाले. म्हणून जहाल भाषण ऐकताना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की वार कोणावर चालला आहे? वार कोणाच्या कृत्यावर असेल तर तो माणूस कृत्य बदलू शकतो. वार जन्मावर, धर्मावर, भाषेवर असेल तर त्या माणसाने करावे तरी काय? त्याच्यापुढे गाव सोडणे किंवा मान खाली घालणे, एवढेच उरते. अशा भाषणाला निवडणुकीत उत्तर नसते, कारण जन्म काही मतदानाने बदलत नाही.

आमच्या कायद्याने हा भेद ओळखला आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील १२३ वे कलम धर्म, जात, वंश, भाषा यांच्या नावाने मते मागणे भ्रष्ट आचरण मानते. १९६१ साली त्यात आणखी एक पोटकलम घातले गेले आणि अशा भेदांच्या आधारे निवडणुकीसाठी वैरभाव पसरवणेही भ्रष्ट आचरण ठरले. या कायद्याची मोठी परीक्षा आमच्याच शेजारी, विलेपार्ल्यात झाली. डिसेंबर १९८७ मधल्या विधानसभेच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या पाठिंब्याने डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्या प्रचारसभांत शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून पराभूत काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. एप्रिल १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. धर्माच्या नावाने मते मागितली गेली आणि दुसऱ्या धर्माच्या लोकांविषयी द्वेष पसरवला गेला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. पुढे १९९९ साली ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

या तारखांचा हिशेब करा. मतदान १९८७ चे, अखेरचा निकाल १९९५ चा. मध्ये आठ वर्षे गेली. ज्या विधानसभेसाठी ती निवडणूक झाली, ती तर १९९० सालीच संपली होती. न्यायालयाने न्याय केला. पण वरातीमागून घोडे आले. शिवाय कायद्याची रेषा फार बारीक असते. त्याच दिवशी मनोहर जोशींच्या खटल्यात, पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, हे विधान म्हणजे केवळ एक आशा आहे, मते मागण्याचे आवाहन नव्हे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींनी या कलमाचा अर्थ पुन्हा तपासला. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही निषिद्ध आहे, असा निर्णय झाला. तोही चार विरुद्ध तीन अशा मतांनी. जिथे न्यायमूर्तींचे एकमत होत नाही तिथे निकालाची वाट पाहत बसणे श्रोत्याला परवडत नाही. त्याला आपला निकाल सभेच्या रात्रीच द्यावा लागतो.

तो देताना विरोधकांचाही तोल जाऊ शकतो. याचे उदाहरण अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत सापडते. १९६४ साली रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी पक्षाच्या अधिवेशनात जाहीर केले की स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी अतिरेक हा दुर्गुण नव्हे. मंडपात जयघोष झाला आणि देशात अनेकांच्या अंगावर काटा आला. तेव्हा एका मासिकाने देशातील बारा हजारांवर मनोविकारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारले, हा मनुष्य अध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहे काय? २,४१७ जणांनी उत्तर दिले आणि त्यांतील १,१८९ जणांनी अयोग्य म्हटले. तेही त्यांना कधी न तपासता. मतदाराने आपले काम शांतपणे केले. पन्नासांपैकी सहाच राज्ये गोल्डवॉटर यांना मिळाली. परंतु पुढे अब्रूच्या दाव्यात ते जिंकले, आणि न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीच्या मनाविषयी मत देऊ नये, असा नियम १९७३ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला करावा लागला. ज्यांनी विचारांना उत्तर द्यायचे त्यांनी माणसाला वेडा ठरवले आणि स्वतःच्या विद्येची पत घालवली.

२०१६ साली याच चुकीचे दुसरे रूप दिसले. डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणांनी देश दुभंगला होता. त्यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी सप्टेंबरमध्ये ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांची संभावना टाकाऊ माणसांची टोपली अशा अर्थाच्या शब्दांत केली. तो शब्द त्या समर्थकांनी सदऱ्यांवर छापून अभिमानाने मिरवला. पुढाऱ्याचे बोलणे खोडता येते. त्याच्या श्रोत्याला मात्र हिणवले की तो पुढाऱ्याला अधिकच बिलगतो. कारण सभेला गेलेल्या माणसाचे काही दुखणे असते. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाची जमीन. पुढाऱ्याने सांगितलेले औषध विषारी असले तरी रोग्याचे दुखणे खोटे नसते.

ही गोष्ट पनवेलला समजावून सांगण्याची गरज नाही. या तालुक्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहतींत देशाच्या सर्व कोपऱ्यांतून माणसे राहायला आली. आगरी, कोळी, कराडी यांच्या गावठाणांना लागून उंच इमारती उभ्या आहेत. जमिनीच्या भरपाईचे, पाण्याचे, नोकऱ्यांचे प्रश्न खरे आहेत. उद्या कोणी येऊन सांगेल की या सर्वांचे मूळ समोरच्या इमारतीत राहणारा परभाषी किंवा परधर्मी आहे. हे सांगायला सोपे आणि ऐकायला गोड. टाळी तर आपसूक वाजेल.

ती वाजवण्यापूर्वी हात क्षणभर आवरावा, एवढीच आमची विनंती आहे. वार कोणावर आहे, कृत्यावर की जन्मावर, हे पाहावे. ज्या दुखण्याचे नाव वक्त्याने घेतले त्यावर तो उपाय कोणता करणार, आणि तो उपाय त्याच्या अधिकारात आहे काय, हे विचारावे. आणि ज्याच्याविरुद्ध बोलणे चालले आहे तो आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसला असता तर हीच टाळी वाजवली असती काय, हे स्वतःला विचारावे. तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल टाळी वाजवावी; भाषण कितीही जहाल असो. नसतील तर हात मांडीवर ठेवावेत. गोंधळ घालू नये, दगड तर नाहीच नाही. भर सभेत टाळी न वाजणे ही वक्त्याला फार लवकर कळणारी गोष्ट आहे. उरलेले मतदानाच्या दिवशी कळवता येते.

या तिन्ही प्रश्नांतून आजच्या वक्त्यालाही सोडू नये, ही विनंती करून रजा घेतो.