नाण्यावरचे नाव आणि सत्ता

करवीर म्हणजे कोल्हापूर राज्याची टांकसाळ पन्हाळ्यावर होती. तिथे पडणाऱ्या चांदीच्या रुपयाला लोक ‘शंभू पीरखानी’ म्हणत. हा रुपया मोगली घाटाचा आणि मजकूर फारसी. छत्रपतींच्या राज्यातला रुपया असा का, याचे सोपे उत्तर दिले जाते, की मराठ्यांनी दिल्लीच्या बादशहाचे वर्चस्व मान्य केले होते. मला हे उत्तर अपुरे वाटते. त्याच काळी मराठी मुलखात तांब्याची शिवराई चालत होती आणि शिवाजी महाराजांच्या निधनानंतर शंभरहून अधिक वर्षे तिच्यावर ‘श्री राजा शिव छत्रपति’ हाच मजकूर पडत राहिला. वर्चस्वाचाच प्रश्न असता, तर तांब्यावरही बादशहाच दिसला असता. शिवराई गावच्या बाजारात फिरे, रुपया मात्र दूरच्या पेठेत आणि सावकाराच्या वहीत जाई. तिथला पारखी ओळखीचा ठसा मागे. तेव्हा नाव कोणाचे घालायचे, हे दरबारापेक्षा बाजार ठरवत होता.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये हेच घडले. राजा टक्कल्या चार्ल्स 877 साली वारला, तरी प्वातू प्रांतातल्या मेल येथील टांकसाळीत त्याच्या नावाची नाणी पुढे शतकानुशतके पडत राहिली. टांकसाळ आणि तिचा नफा दोन्ही तिथल्या काउंटच्या हाती गेले होते, पण लोकांच्या सवयीचा ठसा बदलण्याचे धाडस त्याने केले नाही. तेराव्या शतकात नवव्या लुईने हुकूम काढला, की सरदारांची नाणी त्यांच्या मुलखापुरतीच चालतील आणि राजाचे नाणे सर्वत्र. सत्ता कुठे होती, हे त्या हुकमावरून कळते, ठशावरून नाही.

यावर कोणी म्हणेल, की महादजी शिंद्यांनी 1784 साली बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकी, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचे पद, मिळवली, म्हणजे मान्यता होतीच. होती, पण औपचारिक. ईस्ट इंडिया कंपनीही बादशहा शाह आलम 1806 मध्ये वारल्यावर 1835 पर्यंत त्याच्याच नावाचे रुपये पाडत होती. बंगालच्या रुपयावर तर राज्यारोहणापासूनचे ‘19’ हे वर्षच गोठवलेले होते. कंपनीला बादशहाची मांडलिक कोण म्हणेल? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टांकसाळी अनेक, म्हणून प्रत्येक पेठेत नाणे बदलताना बट्टा, आणि तो भुर्दंड रयतेवर. हे खरेच आहे. पण म्हणूनच ओळखीच्या ठशाची किंमत वाढत गेली.

जुना रुपया हाती आला, तर त्यावरचे नाव वाचून थांबू नका. टांकसाळीची खूण पाहा, वजन पाहा. आणि आजीच्या डब्यातला असा रुपया सराफांच्या गुजरीत आटवायला देण्याआधी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातल्या जाणकारांना एकदा दाखवा.