वेदनेचा परवाना
(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमात औषधांच्या कायद्यावर भाषण ठेवलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. कापसाचा भाव, पीककर्ज, पाणी हे आपले नेहमीचे विषय. परंतु औषधाच्या दुकानासमोर चिठ्ठी घेऊन उभा असलेला माणूस कापूस वेचणाराच असतो. म्हणून त्याच्यापासूनच आरंभ करतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातील शेतमजुराला तोंडाचा कर्करोग झाला. मुंबईची वारी झाली, कर्ज झाले आणि अखेर 'आता घरी न्या' असे सांगण्यात आले. मी त्याला भेटलो तेव्हा रात्रंदिवस तो कण्हत होता. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. ती चिठ्ठी घेऊन त्याचा मुलगा आणि मी दुकानामागून दुकान हिंडलो. "ते आम्ही ठेवत नाही, भाऊ. नसती भानगड," एवढेच उत्तर मिळाले. त्यांपैकीच एका दुकानात, आमच्या देखत, एका आजीबाईंनी नातवाच्या तापासाठी 'मागच्या खेपेची गोळी' मागितली आणि पाकिटावर लाल पट्टी असलेले प्रतिजैविक त्यांना चिठ्ठीवाचून मिळाले. काही दिवसांनी तो मजूर गेला. तो वाचणार नव्हता हे आम्ही जाणून होतो. पण इतक्या यातना भोगून त्याने मरावे, असे कोणत्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेले नाही.

एकाच दुकानात कायद्याची ही दोन रूपे आम्ही पाहिली. ती कोठून आली, ते पाहू.

आपल्या राज्यघटनेने औषधे व विषे हा विषय समवर्ती सूचीत ठेवला. अफूची लागवड आणि निर्यात मात्र केंद्राच्या हाती दिली. औषधांचा मुख्य कायदा १९४० सालचा, त्याचे नियम १९४५ चे. कायदा केंद्राचा, दुकानाचा परवाना आणि तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. नियमांच्या 'एच' परिशिष्टातील औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. २०१४ पासून 'एच-१' हे नवे परिशिष्ट अमलात आले. त्यातील औषध विकताना रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. नियम चांगले आहेत. प्रतिजैविकांचा असा मनमानी वापर चालला तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात, आणि त्याची किंमत सर्वांत आधी गरीब मोजतो. परंतु या नियमांची खरी अंमलबजावणी किती होते, हे तुम्हाआम्हाला सांगावयास नको.

आता अफूकडे वळू. इंग्रजांनी अफूकडे महसूल म्हणून पाहिले. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला गेली आणि त्या व्यापारावर मुंबईत मोठमोठ्या संपत्ती उभ्या राहिल्या. १८५७ व १८७८ चे अफू कायदे आणि १९३० चा घातक औषधींचा कायदा हे त्या काळचे. ते रद्द करून १९८५ साली संसदेने अमली पदार्थांचा नवा कायदा केला. त्यात बहुतेक मोठ्या गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती. मॉर्फिन जवळ बाळगायचे तर राज्याराज्यांचे निराळे नियम, निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने, आणि त्यांतील एकाची मुदत टळली की बाकीचेही निरुपयोगी. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. एवढ्या मोठ्या देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ साली वर्षाला सुमारे १८ किलोवर आला. साम्राज्याला अफूत पैसा दिसला, प्रजासत्ताकाला गुन्हा दिसला. कण्हणारा रुग्ण दोघांनाही दिसला नाही.

आणि ही अफू पिकते कोठे? नीमच आणि मंदसौर येथे, आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातच. सरकारी परवान्याने शेतकरी ती पिकवतो, सरकारच ती विकत घेते, आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. शेजारच्या राज्यातील या पिकातून निघणारे औषध आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचत नाही.

केरळमध्ये मात्र काही माणसे स्वस्थ बसली नाहीत. कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली वेदनाशमनाची संस्था काढली. गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले, पुढे पंचायतींनी हे काम हाती घेतले. अशा मंडळींच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. २०१५ पासून मॉर्फिनसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली. त्यांच्यासाठी देशभर एकच नियम आला. आता अनेक परवान्यांची गरज नाही. राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेली संस्था आणि तेथे वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर, एवढे पुरते. आपण नेहमी राज्यांच्या अधिकारांसाठी भांडतो, आणि ते योग्यच आहे. पण येथे राज्याराज्यांच्या परवान्यांचे जंगल तोडण्यासाठी केंद्राचा एकच नियम उपयोगी पडला, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

कोणी म्हणेल, बंधने सैल झाली तर व्यसन माजेल. ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत पर्ड्यू फार्मा या कंपनीने वेदनाशामक अफूजन्य गोळीचा बेसुमार प्रचार केला. लाखो लोक अशा औषधांच्या व्यसनात सापडले आणि २०२० साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तेथे विक्रीचा लोभ मोकाट सुटला होता. आपल्याकडे उलट झाले. मॉर्फिन जुने व स्वस्त. त्यावर कोणाचे पेटंट नाही, त्याची जाहिरात करणारा प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारात येत नाही. ज्या औषधात नफा आहे त्याला नियमाची वही अडवत नाही, आणि ज्यात नफा नाही त्याच्यासाठी कोणी अर्जही करीत नाही. म्हणून तो अर्ज लोकांच्या संघटनेने करावयाचा आहे.

कामे तीन. पहिले, जिल्हा रुग्णालय, खामगाव, शेगाव, मलकापूर, मेहकर, प्रत्येक ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात जाऊन लेखी विचारा: २०१५ च्या नियमांप्रमाणे मान्यता घेतली आहे काय? साठा आहे काय? शिक्षण घेतलेला डॉक्टर आहे काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. २०१९ पासून वेदनाशमन हा विषय डॉक्टरीच्या अभ्यासक्रमात आहे. तेव्हा माणसे तयार करण्याची सोय जिल्ह्यातच आहे. दुसरे, आशा सेविकांच्या मदतीने आपापल्या गावातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी करा. तिसरे, स्वतःच्या घरापासून आरंभ करा. चिठ्ठीवाचून प्रतिजैविक मागू नका आणि दुकानदाराने दिले तर घेऊ नका.

त्या मजुराच्या बायकोने मला विचारले होते, "त्याचं दुखणं थांबवायचं औषधच नाही का हो, दादा?" औषध होते, ते देण्याचा कायदाही होता. या दोहोंच्या आणि तिच्या दाराच्या मधले अंतर आपल्याला तोडावयाचे आहे.